जरासा बसलेला आवाज

ग्रामोफोनमध्ये मिरवतो तो कर्णा आणि राबते ती डबी, असं भोंगेकाकूंचं मत होतं. हे मत नुसत्या ग्रामोफोनपुरतं नव्हतं, पण त्यांना कुणी कधी खोलात जाऊन विचारलं नाही.

भोंगे हे त्यांचं आडनाव नव्हे. नवरा किल्लीचे जुने ग्रामोफोन दुरुस्त करायचा, दारावर पाटीच्या जागी एक पितळी कर्णा टांगलेला, म्हणून गल्लीनं त्याला भोंगेकाका केलं. नवरा काका झाला म्हटल्यावर बायकोची सुटका नव्हती. लग्नात एक आडनाव बदललं होतं, गल्लीनं वर आणखी एक बदलून दिलं.

दोघांचं काम एकाच खोलीत चाले. खिडकीशी काकूंचं शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला काकांचं टेबल. मधल्या फरशीवर एका बाजूनं चिंध्या यायच्या, दुसऱ्या बाजूनं स्क्रू. सरहद्द रोज कुणीतरी ओलांडायचं आणि रोज त्यावरून दोन शब्द व्हायचे.

सध्या टेबलावर बेकरीवाल्याचा ग्रामोफोन होता. त्याच्या आजोबांचा. नव्या दुकानाच्या काउंटरवर तो वाजत ठेवायचा, म्हणजे पाव घ्यायला आलेलं माणूस गाण्यापायी थांबेल आणि थांबल्यावर केकही घेऊन जाईल, असा बेकरीवाल्याचा बेत. पेटी धडधाकट होती, आतली स्प्रिंग तर तरण्याताठ्या पोरासारखी. रुसली होती ती डबी.

डबी म्हणजे साउंडबॉक्स. तळहातावर मावेल एवढी गोल, चपटी, आणि तिच्या पोटात अभ्रकाची पातळ चकती. सुई तबकडीच्या रेघेतून धावते आणि थरथरते. ती थरथर एक बारीक दांडी चकतीपर्यंत नेते, चकती हवेला ढकलते, आणि शेवटी कर्णा हे सगळं स्वतःच्या नावावर खपवतो. चकती दोन्ही बाजूंनी रबराच्या कड्यांत बसवलेली असते. बेकरीवाल्याच्या डबीतलं रबर इतकं वाळलं होतं की काढताना त्याचे तुकडे टण्‌टण् उडाले. काकांनी सायकलच्या व्हॉल्व्हची मऊ नळी आणली आणि काकूंनी ती कापून दिली. सरळ नव्हे, उरेब. तिरक्या कापामुळे दोन टोकं भेटतात तिथे फट राहत नाही. मग दांडी दोन चिमुकल्या स्प्रिंगांमध्ये अशी तोलायची की ती चकतीला ओढणार नाही आणि रेटणारही नाही.

“नव्या सुनेसारखी,” काका म्हणायचे. “घरात आहे, पण घराला भार नाही.”

“या घरात सून म्हणून मीच आले होते,” काकू म्हणायच्या. “भार कुणाचा कुणावर होता ते सासूबाईंना विचारून ठेवायला हवं होतं.”

तर डबी तयार झाली. काकांनी ती जागेवर बसवली, किल्ली दिली आणि तबकडीवर सुई टेकवली. एका बाईचा आवाज आला, मागोमाग बासरी. काकूंचा पाय पायडलवर थांबला. इतका नितळ आवाज त्या खोलीत पुष्कळ दिवसांत उमटला नव्हता. आता काका खूश होतील, चहा मागतील, असं म्हणून त्या उठणार, तोच काका म्हणाले, “बसलाय.”

“कोण?”

“आवाज! आवाज बसलाय. आणि बासरी तर साफ गेली. येतेय का तुला?”

इथे काकूंनी ‘येतेय की’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांच्या पोटात तिसरी एक गोष्ट होती, आणि ती काकू बरेच महिने पदराआड झाकून होत्या. काकांचे कान जात चालले होते. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. चहाची किटली शिट्टी मारून मारून दमायची आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. दारावरची घंटा काकूच ऐकायच्या. सगळं घर हळूहळू ओरडून बोलायला लागलं होतं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, “काकू, तुमचं सारखं भांडण कशावरून होतं हो?” काकू म्हणाल्या, “भांडण कसलं? मी चहा हवा का विचारते.”

पण ज्याचं सगळं काम कानांवर, त्याला कान गेले हे तोंडावर कसं सांगायचं? उद्या आपल्याला कुणी सांगितलं की बाई, तुमचे डोळे गेले, आता सुई खाली ठेवा, तर?

“हो,” त्या म्हणाल्या. “जरासा बसलाय.”

त्या ‘जरासा’नं घात केला.

काकांनी डबी उघडली. रबर बदललं. लावून पाहिली. “आता?” “जरासा.” स्प्रिंगा सैल केल्या. “आता?” काकूंनी मान हलवली, म्हणजे हो म्हणा की नाही म्हणा, अशी. मग स्प्रिंगा कसल्या. एकदा कोंडलेली हवा सुटलेल्या पिपाणीसारखा आवाज निघाला आणि काकूंनी दातांवर दात धरले. काका म्हणाले, “आता कुठे थोडी जान आली,” आणि लगेच, “पण बासरी नाहीच.” पुन्हा उघडली.

काकांची बहीण मागच्या गल्लीत राहायची. काकूंच्या त्या वन्सं. मशीनवर उशांचे अभ्रे शिवायला टाकले होते, ते न्यायला आल्या आणि दाराशी उभ्या राहून त्यांनी हा सगळा सोहळा पाहिला. मग काकूंना स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, “वहिनी, दादा ठार बहिरा झालाय.”

“ठार नाही हो वन्सं. जरा कमी येतं.”

“मी दारात उभी राहून तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. सांगत का नाहीस त्याला?”

“तुम्ही सांगा. तुमचाच भाऊ आहे.”

“माझा भाऊ आहे, पण नवरा तुझा आहे,” वन्सं म्हणाल्या. असा मुद्दा टाकला की त्या थांबत नसत. अभ्रे घेऊन चालत्या झाल्या.

काकू बाहेर आल्या तेव्हा काका टेबलाशी नुसते बसले होते. दोन्ही हात समोर पसरलेले, बोटं न्याहाळत. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखे ते हातांकडे पाहत होते.

“हात गेला माझा,” ते म्हणाले.

“काहीतरीच बोलू नका.”

“अगं, गेला. एवढीशी डबी बसत नाही म्हणजे काय? एवढी ही एक करतो. नाही जमली तर बेकरीवाल्याचे पाय धरतो आणि हत्यारं भंगारवाल्याला देऊन टाकतो. दारावरचा कर्णासुद्धा.”

काकू मशीनवर बसल्या आणि एका पडद्याला दोन्ही बाजूंनी उलटी शिवण घालून मोकळ्या झाल्या. माणसाला एका दुःखातून वाचवायला गेलं आणि त्याला दुसऱ्याच खड्ड्यात ढकललं, हे त्यांना कळत होतं. पण एकदा बोललेलं खोटं म्हणजे घाईत कापलेलं कापड. परत लांब कसं करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला डोकावला. कोपरापर्यंत पीठ लागलेला, सदा घाईत असणारा माणूस. आत तबकडी लागलेली होती.

“वा! काका, झालं की! काय गातेय बाई!”

“कसलं झालंय?” काका म्हणाले. “बसलाय आवाज. काकूला विचार.”

बेकरीवाल्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. खोलीत बासरी कशी मोकळी वाहत होती.

“काकू, बसलाय?”

“जरासा,” काकू म्हणाल्या.

बेकरीवाल्यानं कानात करंगळी घालून हलवली आणि पुन्हा ऐकलं. बिचाऱ्याला वाटलं, भट्टीच्या धगीनं आपलेच कान बधिरले. “असेल बाबा,” तो म्हणाला. “तुम्ही जाणकार माणसं. मला आपलं चांगलं वाटलं.” आणि खाली मान घालून गेला. एका खोट्यात आता तिसरा माणूस सामील झाला होता, तोही पीठमळल्या हातांनी.

काकांनी डबी उतरवली. या खेपेला ते चिडले होते, आणि चिडून डबीला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम. चकतीच्या मधोमध दांडीचा जो इवलासा स्क्रू असतो, तो त्यांनी अर्धा फेरा जास्त पिळला. किट्ट झालं. भोकापासून काठापर्यंत तडा.

तो आवाज काकांना ऐकू आला नाही. बोटांना कळला. ते तसेच बसून राहिले, आणि काकूंना वाटलं की आता हा माणूस रडला तर आपण मेलो.

“अहो,” त्या जवळ जाऊन म्हणाल्या, “आवाज बसलेला नव्हता.”

“काय?”

“आवाज. बसलेला नव्हता.”

“काय म्हणतेस?”

ही गोष्ट हळुवारपणे सांगायची, खांद्यावर हात ठेवून सांगायची, असं काकूंनी कितीदा मनात घोळवलं होतं. पण हळू सांगितलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं, गोची तर तीच होती. शेवटी काकूंनी सगळं बळ एकवटलं.

“आवाज चांगला होता! पहिल्यापासून चांगला होता! बासरी होती! तुम्हाला ऐकू येत नाही!”

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

काकांनी तडा गेलेली चकती बोटांत फिरवली. मग विचारलं, “बासरी होती?”

“होती.”

“आणि तू जरासा म्हणत होतीस.”

“हो.”

“त्या बेकरीच्या पोरालाही सांगितलंस.”

“सांगितलं. आता काय फाशी देणार आहात?”

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. काकू दारात उभ्या राहिल्या. आत जायची हिंमत होईना आणि लांब राहवेना. काकांनी किटलीत पाणी भरलं, ती शेगडीवर ठेवली आणि समोर उभे राहिले. पाणी तापलं. वाफ आली. शिट्टी सुरू झाली, चढली, अख्ख्या जिन्यात घुमली. काका किटलीकडे एकटक बघत होते. मग त्यांनी झाकणाच्या मुठीवर एक बोट टेकवलं.

“वाजतेय?”

“वाजतेय,” काकू म्हणाल्या. डोळे पुसले ते वाफेमुळे, असं समजायला हरकत नाही.

काकांनी शेगडी बंद केली. स्टुलावर बसले. आणि काकूंची जी काही अपेक्षा होती त्यातलं काहीच न करता म्हणाले, “म्हणजे हात नाही गेला.”

“हाताला काय धाड भरलीय?”

“अगं, मला वाटलं हात गेला!” ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचाही आवाज चिरकला. “मी म्हटलं, संपलं. हात गेला तर उसना कुणाचा आणायचा?”

“आणि कान हो? कान उसने मिळतात?”

“तुझे आहेत की.”

काकूंनी तोंड उघडायच्या आत काकांनी डाव साधून घेतला. “पण तू अशी सुटायची नाहीस,” ते म्हणाले. “तुझ्या जराशापायी माझी चकती गेली. आता कुठून आणायची ती तूच आण.”

अभ्रक कुठे बाजारात टोपलीत मिळतं? काकूंनी शिवणाच्या कपाटाखालून जुनी इस्त्री ओढून काढली. चांगली जड होती, तापायची बंद झाली म्हणून पडलेली. स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला. आत तारेच्या वेटोळ्याला खालून-वरून झाकणारे अभ्रकाचे पातळ पत्रे होते. एक जळून काळवंडलेला. दुसरा एका कोपऱ्यात डागलेला, पण बाकी पाण्यासारखा स्वच्छ.

“जाड आहे,” काका म्हणाले.

“मग सोलायचं.”

“इतकं सोपं वाटतं?”

“हात गेला नाही म्हणालात ना? बघू.”

अभ्रक कांद्यासारखं पापुद्र्यांनी बनलेलं असतं. काकांनी ब्लेडचं टोक काठात सारलं आणि श्वास रोखला. काकूंनीही रोखला, जसा काही त्यांच्या श्वासानं पापुद्रा उडणार होता. ब्लेड आत सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, आणि पत्र्यातून एक झिरझिरीत थर असा अलगद सुटला की मागून खिडकीचा सगळा प्रकाश त्यावर आला. काकांचा हात लोण्यातून गेल्यासारखा गेला होता. ते मुद्दाम काही बोलले नाहीत, पण बघत होते काकूंचं लक्ष आहे का.

“दिसलं हो, दिसलं,” काकू म्हणाल्या.

गोल कापायची पाळी आली तशी काकूंनी तो थर त्यांच्या हातून घेतला. जुनी चकती वर ठेवून कड आखली. “गोल कापताना कात्री फिरवायची नसते, कापड फिरवायचं असतं,” त्या म्हणाल्या, आणि कॉलर कापावी तशी कात्री एका जागी धरून अभ्रक हळूहळू वळवत नेलं. मधलं भोक काकांनी सुई बोटांत घोळवून पाडलं. नवं रबर, नवी चकती, तीच दांडी. डबी पुन्हा उभी राहिली.

तबकडी लागली. काका कर्ण्याकडे पाठ करून, काकूंसमोर खुर्ची ओढून बसले.

“कसा आहे?”

‘छान’ हा शब्द काकूंच्या ओठांवर अगदी तयार बसला होता. घरात इतकं बरं वातावरण आलेलं, कशाला बिघडवा? त्यांनी तो गिळला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“काय नाही?”

“वरच्या सुराला फाटतोय.”

“कसा फाटतोय? कापड फाटतं तसा की शिवण उसवते तसा?”

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. “शिवण. एकेक टाका सुटत जावा तसा.”

“म्हणजे दांडी सैल.” काकांनी स्क्रूला पाव फेरा दिला. “आता?”

“आता दोरा ओढलाय. चुणी पडतेय.”

“जास्त झालं.” त्यांनी केसभर मागे घेतलं. “आता?”

“चुणी गेली. पण काठ अजून ताठ. नव्या कांजीच्या कपड्यासारखा.”

“ते रबर. मागच्या बाजूचं दाबलं गेलंय.” आणि काका स्क्रू काढायला लागले. आतापर्यंत ते डबी उघडत होते ते आंधळ्यानं खिसे चाचपावे तसे. आता त्यांना ठाऊक होतं कुठे जायचंय. दर खेपेला ‘नाही’ म्हणताना काकूंची जीभ जड व्हायची, आणि दर खेपेला ते ‘नाही’ ऐकून हा माणूस जास्तच खुलायचा.

एवढ्यात बेकरीवाला आला. “झालं का?”

“काकू नाही म्हणतेय,” काका म्हणाले, न वळता.

बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. “काकू, आता तर मला काही कळेनासंच झालंय. मागच्या वेळी पण तुम्हीच...”

“मागच्या वेळी मी खोटं बोलत होते. तुझे कान चांगले आहेत, मला माफ कर. आता खरं बोलतेय. बस तिथे. पिठाचे हात पडद्याला लावू नकोस.”

तो बसला. तबकडी पुन्हा लागली. या वेळी काकूंनी चेहरा अगदी पत्ते खेळणाऱ्यासारखा कोरा ठेवला. नीट ऐकून, शेवटपर्यंत ऐकून मगच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

“चेहरा लपवू नकोस,” काका म्हणाले. “मला तेवढाच ऐकू येतो.”

काकूंचा चेहरा जागच्या जागी विरघळला. बाई गात होती, बासरी तिच्या मागून मागून येत होती, वरच्या सुरालासुद्धा एक टाका हलत नव्हता. काकूंनी तबकडी संपू दिली. सुई मधल्या रिकाम्या रेघांवर खरखरत राहिली, तेव्हा काकांनीच ती उचलली.

“झालं,” काकू म्हणाल्या.

“नक्की?”

“नक्की. आणि उद्या वन्सं येतायत, मीच निरोप धाडलाय. तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला. तेही आताच सांगून ठेवते.”

“बरं,” काका म्हणाले. “तिला म्हणावं, रस्त्यात ओरडू नकोस.”

शेवटचं एक काम राहिलं होतं. मधला स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर मेणाचा थेंब सोडायचा असतो, आणि तो एकदा सोडला की डबी मिटली. काकांनी टेबलावरच्या छोट्या स्टोव्हच्या ज्योतीवर सुई तापवली, मेणात बुडवली. थेंब टोकाला लोंबला. क्षणभर त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, आणि या खेपेला ती कुठल्या दिशेला हलली याबद्दल शंका नव्हती. थेंब बरोबर मधोमध पडला, पसरला आणि बघता बघता धुरकट झाला.

बेकरीवाला काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतोय तो?” काकांनी विचारलं.

“काही नाही हो,” काकू सवयीनं म्हणाल्या, आणि मग जीभ चावून, मोठ्यानं, “म्हणतोय, त्याच्या मामांकडेही एक ग्रामोफोन मुका पडलाय! त्याची डबी कराल का?”

काकांनी हात पुसले, मशीनवरच्या शिवायच्या ढिगाकडे एक नजर टाकली.

“करू,” ते म्हणाले. “हिला वेळ असेल तर.”